लाख लावलेलं स्टेरिंग

मोटारीच्या स्टेरिंगला माणूस चिकटू शकतो, हे ज्याच्यावर ओढवलेलं नाही त्याला पटत नाही. म्हणून मी ही गोष्ट सहसा कुणाला सांगत नाही. सांगतात ती माझ्या सासरची माणसं, आणि ती वाट्टेल तशी सांगतात. तेव्हा आज मीच सांगून टाकतो.

माझी सासुरवाडी गोंडपिपरीची. सासरे (मी त्यांना मामाजी म्हणायचो) जंगलच्या मालाचे व्यापारी. मोह, हिरडा, डिंक आणि सगळ्यांत जास्त लाख. जंगलातल्या गावांची गोंड माणसं पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरची लाख खरडून टोपल्या भरभरून बाजाराला आणायची, आणि ती सगळी मामाजींच्या वखारीत येऊन पडायची. त्या घरात कशालाही लाख लावायची रीत होती. विळ्याची मूठ हलली, लाव लाख. घागर पाझरली, लाव लाख. सासूबाईंच्या पाटल्यांच्या आतसुद्धा लाखच भरलेली. मी नागपूरला एका हायस्कुलात ड्रॉइंग आणि हस्तव्यवसाय शिकवायचो. माझ्या हाताखाली पोरांनी घासूनपुसून काढलेली लाटणी बघून इन्स्पेक्टर साहेबांनी एकदा मान हलवली होती. (कौतुकानं हलवली की कसं, ते अजून नक्की कळलेलं नाही.) थोडक्यात, घासणं आणि चमकवणं या दोन विषयांत आपल्याला कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात वैशाख अधिक आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारसे खाऊ घालतात, वाण देतात, कारण जावई म्हणजे साक्षात विष्णू. शाळेला सुट्टी होती. विष्णू बायकोला घेऊन जो आला तो मुक्कामालाच राहिला. मी पाणी मागितलं की वाळ्याचं यायचं. मी "ऊन फार आहे" म्हटलं की मामाजी उन्हाच्या वतीनं ओशाळायचे. माणूस बिघडायला आणखी काय लागतं?

मामाजींकडे एक मोटार होती. नागपूर सोडून गेलेल्या कुणा साहेबाची, दोन-तीन हातांतून फिरत त्यांच्याकडे आलेली. इंजिन दणकट, पण आतली दशा बघवत नव्हती. स्टेरिंगचं चाक साईच्या रंगाचं, जाड प्लास्टिकचं. प्लास्टिक हा शब्द तेव्हा गोंडपिपरीत पोचायचा होता. मामाजींच्या मते ते म्हशीचं शिंग होतं. आमच्याकडच्या उन्हानं त्या शिंगाला ठिकठिकाणी चिरा गेलेल्या. हात फिरवला की बोटाचं कातडं चिरेत सापडायचं. गिअरच्या दांड्याचा गोळाही तसाच, उंदरानं कुरतडल्यासारखा.

आता हे कुणाच्या डोळ्यांत खुपायचं कारण नव्हतं. पण माझी साळी सुमन एक दिवस माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सुमन एरवी बडबडी. त्या दिवशी पदराचं टोक पिळत होती.

"भाऊजी, अधिक सरला का वर्ध्याचे पाव्हने येऊन राह्यले मले पाहाले."

"माहीत आहे. ओव्हरसियर आहे ना मुलगा?"

"हाव. थे लोक लय टापटिपीचे हायेत म्हनते. बाप तं ओट्यावरचा कचरासुदिक पाहून घेते. आन् त्यायले टेसनावरून आनाची हे आपली गाडी. एकदम भंगार."

"मग?"

"मग काई नाई." पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "चांद्याले मावशीच्या इथी लग्नात मी त्यायले पाह्यलं होतं. त्यायनंबी मले पाह्यलं. भाऊजी, हे जमलं पायजे."

तिचे डोळे भरून आले होते. मी विरघळलो. (लाखेच्या आधी मी विरघळलो, हे नोंदवून ठेवा.) "सुमन, गाडी माझ्यावर सोड," मी म्हणालो. त्याच वेळी माझी बायको कमल आतून म्हणाली, "यायच्यावर नको सोडू वं." पण विष्णूच्या पुढं लक्ष्मीचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. चाक काही केल्या निघेना, म्हणून ते गाडीतच ठेवून करायचं ठरलं. आधी रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. मग जाड काचकागदानं कोरडं घासलं, मग बारीक काचकागदानं पाणी लावून घासलं. प्लास्टिकची पांढरी पूड माझ्या मिशांवर बसली. ओट्यावर शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. चिरा भरायला काय वापरावं, असा प्रश्न त्या घरात पडूच शकत नव्हता. वखारीतून लाख आणली. नुसती लाख ठिसूळ होते, हे मला हस्तव्यवसायाच्या अनुभवावरून ठाऊक. म्हणून तिच्यात राळ घातली, मेण घातलं. साईचा रंग जमेना, तेव्हा सगळं चाकच काळं कुळकुळीत करायचं ठरवून दिव्याचं काजळ घातलं. गाडीच्या पुढच्या सीटवर पाट, पाटावर शेगडी, शेगडीवर सासूबाईंचं भाजीचं पातेलं. तापवलेल्या उलथन्यानं मी चाकावर लाख चढवू लागलो.

कसलातरी उग्र वास सुटला. मामाजी म्हणाले, "शिंग जळून राह्यलं. मी म्हनलंच होतं, शिंग हाय."

मग ते जवळ आले. लाखेच्या धंद्यात हयात गेलेला माणूस. पातेल्यात डोकावले, राळेच्या पुडीकडे बघितलं, मेणाकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं.

"जवाईबापू," ते म्हणाले, "लाख जे असते नं, थे उनात..."

दारातून सासूबाईंचा आवाज आला. "अवो, अधिक महिना हाय."

मामाजींनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "उनात बसू नका म्हनत होतो. सावलीत करा." आणि वखारीकडे निघून गेले. चांगलं वाक्य पुरं करायला काय झालं होतं? पण नाही. विष्णूला नाही म्हणायचं नाही.

लाख थंड झाल्यावर मी ती पुन्हा घासली, कापडावर बारीक राख घेऊन उजळली, शेवटी खोबरेल लावून पुसली. चाक असं झालं की त्यात तोंड दिसावं. माझं तर दिसलंच. गिअरच्या गोळ्यालाही तोच थाट केला. सुमननं एका बोटानं चाकाला हात लावला आणि नुसती हसली. खरं सांगतो, त्या हसण्यानं मला अनारशांपेक्षा जास्त बरं वाटलं. गाडी वखारीच्या सावलीत झाकून ठेवली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. चाकाला ऊन कसं असतं ते दिसलंच नाही.

अधिक संपला. पाहुण्यांचा दिवस उजाडला. मामाजी स्वागताच्या तयारीत, म्हणून बल्लारशाला गाडी घेऊन मी गेलो. नागपूरला शाळेच्या चेअरमन साहेबांची मोटार मी अधूनमधून चालवत असे. सकाळच्या गारव्यात गाडी झकास गेली, चाक हातात रेशमासारखं फिरत होतं. स्टेशनात कळलं, आगगाडी लेट आहे. इथं लेट म्हणजे किती, ते स्टेशन मास्तरलाही विचारायची सोय नसते. मी आत पंख्याखाली बसलो. मोटार बाहेर उन्हात उभी राहिली. काचा बंद, वर वैशाखातलं चांद्याकडचं ऊन. ज्यांनी ते खाल्लंय त्यांना सांगायला नको.

दुपार कलताना पाहुणे उतरले. बाप नानाजी, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा कोट, टोपीची कडसुद्धा इस्त्रीची. मुलगा वसंतराव, सडपातळ, कमी बोलणारा. मी काचा खाली केल्या. नानाजी मागं ऐसपैस बसले, वसंतराव पुढं माझ्या शेजारी. नानाजींची नजर सगळ्या गाडीभर फिरून चाकावर थांबली.

"नवीन दिसते," ते म्हणाले.

"आपलं घरीच केलं," मी म्हणालो आणि दोन्ही हातांनी चाक पकडलं.

चाक गरम होतं. पण नानाजींच्या समोर हात झटकून "हाय हाय" करणं शोभलं नसतं. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, पुन्हा चाक घट्ट धरलं. बोटं लोण्यात गेल्यासारखी आत गेली. वाटलं, खोबरेल जास्त झालं असेल.

गाव मागं पडून रस्ता जंगलात शिरला. बांबूची बेटं, नाल्याकाठची मोठी झाडं, सावली, आणि दोन्ही बाजूंनी आत येणारा वारा. जिवाला बरं वाटलं. लाखेलाही बरं वाटलं, ती लगेच घट्ट झाली. समोर वळण आलं. चाक फिरवताना हात सरकवायला गेलो, तर हात येईनात. ओढले, येईनात. मग चाकाबरोबर हातही फिरवावे लागले. उजवा हात डाव्या खांद्याकडं, डावा हात गुडघ्याखाली, आणि उजवं कोपर वसंतरावांच्या छातीत.

"माफ करा," मी म्हणालो.

"असू द्या," ते म्हणाले.

पुढच्या वळणाला उलटं. समोरून बैलबंडी आली, तेव्हा भोंगा हनुवटीनं दाबला. नानाजी मागून म्हणाले, "मास्तर काई खाली शोधून राह्यले काय?" मी म्हणालो, "नाही, भोंगा जरा बारीक आहे." नाल्यात उतरून चढ लागला आणि इंजिन धापा टाकायला लागलं. गिअर बदलायला हात कुठं होता? मी शेजारी वाकून हळूच म्हणालो, "वसंतराव, तेवढा दांडा मागं ओढता का? मी पाय दाबतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. काळ्या लाखेत रुतलेली बोटं त्यांना नीट दिसली असणार. मग त्यांनी दांडा ओढला. त्यानंतर गोंडपिपरीपर्यंत गिअर त्यांनीच टाकले. (त्यांनी टाकताना गोळ्यावर रुमाल धरला होता. मुलगा हुशार आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.)

घरासमोर ब्रेक दाबला आणि गाडी आचके देत बंद पडली. ओट्यावर सगळे उभे. पाहुणे उतरले, पाय धुवायला पाणी आलं, रामराम झाले. मी बसून.

"उतरा नं जवाईबापू," मामाजी म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. मी बसतो जरा."

"बसता? गाडीत?"

"हो. बरं वाटतंय."

नानाजी ओट्यावर सतरंजीवर बसले होते, गाडीच्या बरोबर समोर. त्यांच्यादेखत "मी चिकटलोय" कसं म्हणणार? टापटिपीची माणसं. आत्ताच तर त्यांनी चाकाची तारीफ केली होती. मी हसरा चेहरा करून समोर बघत राहिलो. मामाजींचा चेहरा मात्र हळूहळू उतरला. ते सासूबाईंच्या कानाशी लागले, आणि माझ्या कानावर तो भयंकर शब्द आला.

"जवाई रुसले."

झालं. आमच्याकडे घरात कार्य निघालं की थोरला जावई रुसतो, हे ठरलेलंच असतं. तो एका जागी बसतो, कारण सांगत नाही, आणि बाकीच्यांनी कारण ओळखून त्याची समजूत काढायची असते. मी एका जागी बसलो होतो. कारण सांगत नव्हतो. आता आणखी काय पुरावा हवा?

आधी सासूबाई आल्या, डोईवरचा पदर सावरत, ताटात अनारसे घेऊन. "जवाईबापू, आमचं काई चुकलं असन तं पोटात घाला. घ्या, खा."

"आत्ता नको."

"हातबी नाई लावत," त्या मागं वळून रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

मग मामाजी जरीकाठी उपरणं घेऊन आले. ते मी घेतलं नाही, तेव्हा त्यांनी ते माझ्या खांद्यावर टाकलं. मी ते सावरलं नाही, ते घसरून पायाशी पडलं. ओट्यावरून कुणीतरी "बापरे" म्हणालं. मामाजींनी स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढली.

"बोट द्या, जवाईबापू."

"मामाजी, बोट नाही देता येत."

"यापरीस मोठी नाई माह्याजवळ," ते म्हणाले. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

शेवटी कमलला पाठवलं. ती खिडकीशी वाकून दातओठ खात म्हणाली, "काऊन तमाशा करून राह्यले? सुमीचं लगन मोडता काय?"

"अगं, मी रुसलो नाही. मी चिकटलोय."

"काय?"

"लाख. हात निघत नाहीत."

तिनं आत डोकावून बघितलं. मग पदर तोंडात कोंबला आणि दाराला टेकून हसायला लागली, आवाज न करता, खांदे गदगदा हलवत. ओट्यावरून पाठमोरी काय दिसणार? सासूबाई म्हणाल्या, "पोरगी रडून राह्यली वं माय." आणि त्यांनीही डोळ्यांना पदर लावला.

नानाजी उठून उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "पाटील," ते मामाजींना म्हणाले, "थोरल्या जवायाच्या मनात हे सोयरीक नाई, असं दिसते. घरात खुशी नसन तं आमी कायले बसाव? चाल वसंता."

दाराच्या फटीतून सुमनचा अर्धा चेहरा मला दिसला. पोरगी पांढरीफटक पडली होती. मग मात्र माझी अब्रू, माझा हस्तव्यवसाय आणि इन्स्पेक्टर साहेबांची मान, सगळं मी मनातल्या मनात नाल्यात सोडून दिलं.

"नानाजी," मी ओरडलो, "मी रुसलेलो नाही. या चाकाला मी घरी लाख लावली, ती उन्हानं वितळली, आणि मी तिला चिकटलोय. मुलगी लाखात एक आहे, तुम्ही जाऊ नका."

मला वाटतं कुणाला ते खरं वाटलंच नाही. नानाजी तर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की हा रुसलेलाही आहे आणि वेडाही आहे.

तेव्हा वसंतराव पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "खरं हाय बाबा. गाडीचे गिअर सारे मीच टाकले."

आणि दार धाडकन उघडून सुमन बाहेर आली. नेसणं दाखवायच्या कार्यक्रमाचं, पण पदर कमरेला खोचलेला, एका हातात पोह्यांनंतरच्या चहाचं उकळतं आधण, दुसऱ्या हातात फडकं. खाली मान घालून पाटावर बसायची पोरगी सरळ गाडीचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसली.

"भाऊजी, हालू नका."

"भाजेल गं."

"भाजन तं भाजन. आमची सोयरीक मोडून राह्यली आन् तुमाले भाजाचं पडलं."

तिनं फडकं आधणात बुडवून, पिळून, माझ्या बोटांवर दाबलं. मी जे ओरडलो ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या बाजूनं वसंतराव आले, कोटाच्या बाह्या सारून. तिनं एक बोट मोकळं केलं की ते धरून ठेवायचे, नाहीतर ते परत चिकटायचं. "हे धरा," ती म्हणायची. "धरलं," ते म्हणायचे. माझ्या दहा बोटांवर त्या दोघांची ओळख झाली. मधे मी होतो, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

नानाजी खिडकीशी येऊन बघत होते. पाहायचा कार्यक्रम तर व्हायलाच हवा, म्हणून त्यांनी विचारलं, "पोरी, नाव काय तुव्हं?"

"सुमन."

"स्वयंपाक येते काय?"

"येते. पन पयले भाऊजीले सुटू द्या, मंग पुसा."

नानाजींनी टोपी पुन्हा नीट केली. मला वाटलं, आता संपलं. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते हसले. पोट धरून हसले, गाडीच्या टपावर हात मारत हसले. "पाटील, पुसाचं काई राह्यलं नाई," ते म्हणाले. सासूबाई खरोखरच्या रडू लागल्या. हात सुटल्यासुटल्या मी भारावून नानाजींच्या पाया पडलो, आणि त्यांच्या शुभ्र धोतरावर माझे दोन्ही पंजे काळेभोर उमटले. ते धोतर त्यांनी तसंच ठेवलंय म्हणतात.

निज वैशाख सरायच्या आत मुहूर्त निघाला. आणि त्या लग्नात मी खरोखर रुसलो. कारण साधं होतं. नव्या जावयाच्या मंडळींना पहिली पंगत, आणि मला, थोरल्याला, कुणी बसा म्हणालं नाही. मी तडक जाऊन मोटारीत बसलो, दार आपटलं, चाकावर दोन्ही हात ठेवले (त्याला आता सुतळी गुंडाळली होती) आणि समोर बघत राहिलो. मांडवातून जिलेबीचा वास येत होता. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. येणारेजाणारे माझ्याकडे बघून एकमेकांना काहीतरी सांगत आणि हसत पुढं जात. अखेर सासूबाई लगबगीनं येताना दिसल्या. मी मान दुसरीकडे वळवली. यावेळी अंगठीशिवाय ऐकायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"जवाईबापू, हात पुढं करा," त्या म्हणाल्या.

मी ऐटीत बोटं ताणून हात पुढं केला. त्यांनी गरम पाण्याचं पातेलं सीटवर ठेवलं, वर एक फडकं ठेवलं, आणि पंगतीला वाढायला निघून गेल्या. पाणी निवेपर्यंत मी तसाच बसून राहिलो, मग त्यातच हात धुतले आणि दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलो.